माझी बिनआवाजाची मोटार

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे. तळहाताएवढा, हिरवा आणि आता अगदी एकटा. मोहाडीत गुलाब सरांच्या टेबलावर धूळ खात पडलो आहे.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी जन्मलेल्या सरिताने, म्हणजे सरांच्या मुलीने, मला घडवले. शहापूरच्या एका फोटोग्राफरच्या फुटक्या कॅमेऱ्यातून तिने चिमुकली मोटार काढली होती. त्या मोटारीत ना तांब्याची तार, ना चुंबक. एक कडी होती. वीज दिली की ती जराशी फुगायची, काढली की आखडायची. हे काम मी तिच्याकडून इतक्या भराभर करून घ्यायचो की तिच्या थरथरीने वरची चकती ढकलली जाऊन मोटार फिरायची, पण माणसाच्या कानाला काहीच ऐकू यायचे नाही.

सरांचे हात थरथरतात. सूक्ष्मदर्शकाचे भिंग त्यांना नीट सरकवता येईना, म्हणून सरिताने आम्हा दोघांना तिथे बसवले. गावातल्या शेतकरी सत्यभामाबाई धानाची डाग पडलेली, रोगट पाने घेऊन यायच्या. "सर, करपा होय का हा, पाहा नं!" सर बटन दाबायचे, भिंग हळूच सरकायचे आणि सर लगेच सांगायचे. "हेच माझे हात," असे म्हणून ते मला थोपटायचे. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

पुढे सरिता नोकरीसाठी पुण्याला गेली. एकदा माझी तार सुटली आणि भिंग हलेना. सरांनी शेजारच्या टिकारामला बोलावले. तो तुमसरच्या राइस मिलमध्ये मोटारी दुरुस्त करायचा. तिथल्या गोंगाटात सारे मोटार कान लावूनच तपासतात. सर आत चहा ठेवायला गेले. टिकारामने तार जोडली, बटन दाबले, मोटार तारेसकट भिंगापासून काढून राठ मुठीत धरली आणि कानाशी नेली.

"सर, हे तं आवाजच नाही करून राहिली. जळली!"

मोटार भंगारात गेली. मी हिरवा दिवा लावून नुसता बघत राहिलो.

दिवाळीला सरिता आली. "काका, ती चालू असतानाही आवाज करतच नव्हती हो."

टिकारामचा चेहरा उतरला. "मले काय मालूम पोरी, बिनाआवाजाची मोटार बी रायते म्हणून!" त्याने सारे भंगार उपसले. ती सापडली नाही, तशी दुसरीही मिळाली नाही.

परवा सत्यभामाबाई पुन्हा पाने घेऊन आल्या. सरांनी हाताने भिंग सरकवून पाहिले. हात थरथरतच राहिले.

"बाई, भंडाऱ्याले शेतकी ऑफिसात दाखवा. मले दिसून नाही राहिलं."

त्या गेल्यावर सरांनी सवयीने माझे बटन दाबले. मी सारी वीज दोन्ही तारांच्या टोकापर्यंत नेली. तिथे कोणीच नव्हते.

मित्रांनो, एखादी वस्तू गप्प आहे म्हणून ती मेली असे ठरवू नका. टाकण्याआधी एकदा मूठ उघडून पाहा. माझी मोटार त्या मुठीत फिरत होती.