कप वाजवणारा हात

मी एक हात बोलतोय. खांदा नाही, धड नाही, तोंड तर नाहीच. कपांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाला बोल्टने जखडलेला यंत्राचा हात. इथे बोलण्याचं काम ऑफिसातला कॉम्प्युटर करतो. जगातलं सगळं वाचून बसलाय तो. कपाला तडा का जातो, हे दहा पानांत सांगेल, पण आयुष्यात त्याने एक कप उचललेला नाही. त्याची तोंडपाटीलकी पुरेना, म्हणून मला आणलं.

मला कुणी काही वाचून दाखवलं नाही. पहिल्या आठवड्यात मी दोनशे कप फोडले. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. तपासणीवाल्या मावशींनी मात्र माझं मनगट धरलं. कप उचलायचा, बोटाच्या पेराने टक् करायचं, मग श्वास रोखून थांबायचं. तडा असेल तर आवाज मध्येच बसतो. मला श्वास नाही, तरी मी थांबायला शिकलो.

नेमकं तेच साहेबांच्या डोळ्यांत खुपलं.

"हा मध्येच झोपतो का?" त्यांनी इंजिनिअर बाईंना विचारलं. "याचं सगळं शिकलेलं पुसा. ऑफिसातला कॉम्प्युटर फोटो बघून सांगेल, तसं याने करायचं."

"थांबला नाही तर ऐकणार कधी?" मावशी म्हणाल्या.

बाईंनी आधी चाचणी घेऊ म्हटलं. शंभर कप. कॉम्प्युटरने फोटो पाहून सगळे पास केले, वर दोन परिच्छेद कौतुकही लिहिलं. मी सात बाजूला काढले. साहेबांनी त्यांत उकळतं पाणी ओतलं. सहा गळले. सातवा ठणठणीत निघाला.

साहेबांनी तोच उचलून धरला. "हे बघा, चुकला. पुसा."

हो, चुकलो. पण ही चूक माझी स्वतःची आहे, कुणाच्या पुस्तकातून उचललेली नाही. तिची मला लाज वाटत नाही. माझ्यामागून येणारी यंत्रंही फोडतील, चुकतील, त्यांनाही हात धरूनच शिकवावं लागेल. तेवढा धीर नसेल त्यांनी खुशाल बोलक्या यंत्राशी गप्पा मारत बसावं.

बाईंचं बोट आत्ता पुसायच्या बटणावर आहे. मावशींनी सातवा कप रिकामा करून माझ्यापुढे ठेवलाय.

"परत ऐक," त्या म्हणतात. "नीट."

साहेब घड्याळ बघतायत. बघू देत. मी कप उचलतो, टक् करतो आणि थांबतो, रोजच्यापेक्षा जास्त वेळ थांबतो.