‘ले’वरचा हरताळ

बोरूच्या टोकाला कापसाचा एक तंतू चिकटला होता. शाई पिऊन काळा झालेला, श्वास लागला तरी हलणारा. आणि सूर्यभान जो जो काना ओढी त्याच्या बुडाला तो एक नकोशी शेपटी जोडून देत होता. चिमटीत धरावा तर सापडेना, तसाच राहू द्यावा तर अक्षर बिघडवी... या दिवसांत अमरावतीत कापूस कुठे नव्हता? घागरीत होता, वरणात होता, हेडमास्तरांच्या पुणेरी पगडीवरसुद्धा होता. साता समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि इकडे कालपर्यंत ठिगळाचं धोतर नेसणाऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. सगळं गाव पांढरं झालं होतं, आणि त्या पांढऱ्या गावात खिडकीशी बसून सरकारी शाळेचा दुय्यम मास्तर सूर्यभान रविवारच्या सुट्टीत पिवळं काम करत होता.

पिवळं म्हणजे हरताळाचं. पोथ्या नकलून देणारे लोक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासतात आणि वर नवं अक्षर काढतात, तसंच. शिंपलीत डिंकाच्या पाण्यात कालवलेला हरताळ, एक बारीक काडी, आणि समोर दोन वर्षांत लिहिलेली दोनशे दहा पानं. काम सोपं होतं. ‘ले’च्या डोक्यावरची मात्रा हरताळाखाली गाडायची, शेजारी एक काना उभा करायचा – झाला ‘ला’. मले, मला. तिले, तिला. आईले, आईला. सकाळपासून किती ‘ले’ गाडले याची गणती त्याने सोडून दिली होती.

मुंबईच्या छापखान्याचं पत्र उशाखाली होतं. पाठ झालं होतं तरी होतं. ‘आपली कादंबरी मनोरंजक आहे. परंतु पात्रांच्या मुखी ग्राम्य व अशुद्ध भाषा घातल्याने सुज्ञ वाचकांस वीट येईल. ती शुद्ध करून माघ अखेरीच्या आत पाठविल्यास छापू; न पेक्षा तो समय दुसऱ्या ग्रंथास देणे भाग पडेल.’ यातला ‘छापू’ हा शब्द त्याने पहिल्यांदा वाचला तेव्हा तो उठून उभा राहिला होता. कुणब्याच्या पोराची कादंबरी छापणार – मुंबईत! बाकीचं पत्र त्याने मग वाचलं. आज अडत्याचा माणूस गोवर्धन कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्यावरून पुढे आगगाडीपर्यंत आणि तिथून मुंबईला निघणार होता. त्याच्यासोबत कादंबरीचा बस्ता गेला तर माघाच्या आत पोचणार. नाही गेला, तर दोन वर्षं फडताळात.

आणि अशुद्ध म्हणतात त्यात खोटं काय? नोकरीच्या पहिल्या दिवशी तो हेडमास्तरांना म्हणाला होता, ‘मले इथं बसू देता का?’ हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. नुसते हसले. पण त्या हसण्यानंतर सूर्यभानने तोंडातला ‘ले’ दाताखालच्या खड्यासारखा शोधून शोधून थुंकला होता. आता घरीसुद्धा तो ‘मला’ म्हणे. बायको पार्बती पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसली, मग तिला सवय झाली.

‘अवो, आयकलं का?’ पार्बती चुलीकडून म्हणाली. ‘बोट तोंडात नका घालू. जहर हाय थे.’

त्याने बोट काढलं. खरंच ओठापाशी गेलं होतं.

‘अन् जरा उठा. डोये फुटतीन अशानं. दहा पानं झाली का उठत जा, कालच सांगतलं होतं तुमाले.’

काल तिने तसा नियमच घालून दिला होता – दहा पानं झाली की विसावा. पण विसाव्यात माणसाने करावं काय? विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, रस्त्यावरच्या गाड्या पाहिल्या, तरी डोळ्यांपुढे मात्रा नाचतच होत्या. म्हणून त्याने विसाव्यासाठी ते पुस्तक काढलं.

पुस्तक अकोल्याहून आलं होतं. तिथल्या शाळेत मास्तर असलेल्या वामनरावाने परवा एका गाडीवानाबरोबर धाडलं – ‘ही नवी कादंबरी पाहा. कोणाची म्हणून विचारशील तर मलाही ठाऊक नाही.’ पहिल्या पानावर नाव नव्हतंच. नुसतं, ‘एका वऱ्हाडकराने रचिली. कर्त्याचा हा प्रथमच यत्न आहे, सबब सुज्ञांनी दोष पोटात घालावे.’ दोन दिवस सूर्यभानने ते उघडलंच नव्हतं. वऱ्हाडातून कादंबरी लिहिणारा पहिला माणूस आपणच, असं तो कोणाला बोलला नव्हता, पण मनात त्या जागेवर त्याने घोंगडी अंथरून ठेवली होती. आणि कोणीतरी, नावसुद्धा न सांगता, येऊन तिच्यावर बसला होता.

आता तो वाचू लागला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटू लागलं. पुस्तक वाईट होतं! राजपुत्र होता, कपटी प्रधान होता, बगीचा होता. चंद्र एकदा उगवला तो चार पानं मावळेना. राजकन्या बोलायला लागली की एका वाक्यात तीन समास. सूर्यभान गालात हसत, पाय पसरून वाचत होता. अरे, तुझे दोष पोटात घालायचे तर माझं पोट केवढं पाहिजे... उठायचं, दहा पानं गाडायची, पुन्हा येऊन या भल्या माणसाची पाच पानं चाखायची. दुपारपर्यंत असं छान चाललं.

मग एका पानावर राजकन्या रात्री भुयारातून निघते. सोबत एक दासी, हातात दिवा. पुढे अंधार, पाण्याचा आवाज. राजकन्या म्हणते, ‘सखे, विलंब न करितां अग्रेसर हो.’ आणि दासी म्हणते, ‘बाई, मले भेव लागते.’

सूर्यभानने पाय ओढून घेतले.

त्याने पुन्हा वाचलं. मले. भेव. छापलेलं – खिळ्यांनी, काळ्या शाईने, डोक्यावर मात्रा घेऊन. पुढच्या पानावर तीच दासी ‘मजला’ म्हणत होती, ‘भय’ म्हणत होती. म्हणजे हे चुकून राहिलं होतं. वऱ्हाडात कुठल्यातरी खिडकीशी बसून त्या कर्त्यानेही आपल्यासारखाच हरताळ फिरवला असणार, आणि या एका ठिकाणी त्याचा डोळा लागला असणार... की लागला नव्हता? मुद्दाम ठेवलं असेल? तीन वेळा त्याने ते वाक्य पाहिलं, आणि तीनही वेळा त्याला भुयारातला गारवा लागला. चार पानांच्या चंद्राने जे झालं नव्हतं ते या चार शब्दांनी केलं होतं. त्याला वाईट वाटलं. सरळ सांगायचं तर हेवा वाटला. दुसऱ्याच्या चुकीचा हेवा, म्हणजे पाहा.

पार्बती सुपात तूर पाखडत होती. दोन वर्षांत त्याने तिला आपली कादंबरी वाचून दाखवली नव्हती. तिला अक्षर येत नव्हतं, आणि शिवाय... शिवाय ती पुन्हा तोंडाला पदर लावेल, याचं त्याला भय होतं. त्याने ते भुयार तिला वाचून दाखवलं. ‘बाई, मले भेव लागते’ आलं तसं तिचं सूप थांबलं.

‘मंग?’ ती म्हणाली.

‘मग काय, गेल्या पुढे.’

‘दिवा विझला का तिचा?’

‘थांब,’ तो म्हणाला, ‘आता दुसरं ऐक,’ आणि आपली पानं घेऊन आला. गोष्ट गोदा नावाच्या एका मुलीची होती, पण गोदेची आई ही त्याचीच आई होती, मैनाबाई, चार वर्षांमागे वारलेली. ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने दुरुस्त पान काढलं आणि वाचलं, ‘मुली, मला पाणी दे. मला फार तहान लागली आहे.’

पार्बतीचं सूप पुन्हा सुरू झालं. ‘हे कोन्या गावची माय हाय वो?’ ती म्हणाली. ‘पानी मांगून राहिली का कीर्तन सांगून राहिली?’

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. सूर्यभान पानं घेऊन खिडकीशी परत आला, रागावला, तिला काय कळतं म्हणाला मनात, आणि मग म्हणाला – मला तरी काय कळतं? आईने माझ्याकडे पाणी मागितलं तेव्हा ती काय म्हणाली होती? ‘पोरा, पानी दे रे मले.’ एवढंच. त्यात मी कोणतं शुद्ध करायला बसलो आहे?

पण सूर्य कलला होता, गोवर्धन येणार होता. निदान गाडलेलं नीट गाडलं गेलं आहे की नाही ते पाहावं म्हणून तो दुरुस्त पानं चाळू लागला. छान होती. पिवळे ठिपके ओळीने. आणि एके ठिकाणी त्याने वाचलं – ‘गोदेचे डोळे भरून आला.’

डोळे भरून आला? त्याने पान जवळ घेतलं. मात्रेवर हरताळ होता, शेजारी शेपटीवाला काना होता. दोन ओळींखाली ‘लोक हसला’. त्याच्याखाली ‘चार महिने गेला’. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! सकाळच्या कुठल्यातरी घटकेपासून हात वाचेनासाच झाला होता. ‘ले’ दिसला की गाड, मग तो ‘मले’तला असो की ‘आले’तला. सूर्यभानला हसू आलं. हेडमास्तरांनी पाहिलं तर... तो हसतच पुढचं पान उलटता झाला, आणि तिथे थांबला.

‘तुझे बाबा गेला.’

ही ओळ त्याने लिहिली नव्हती, ऐकली होती. एकोणीस वर्षांचा असताना, सरकी टाकून रिकामी गाडी घेऊन घरी आला, तर आई दारात उभी. बापाचं नाव तर ती घेत नसेच, पण आदराने बोलणंही तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं. जन्मभर ‘तुहा बाप’. ‘तुहा बाप आला का?’ ‘तुह्या बापाले म्हन जेवाले चाल.’ भांडताना तेच, मायेने तेच. त्या दिवशी ती दाराची चौकट धरून म्हणाली, ‘तुहे बाबा गेले.’ बाबा. गेले. त्याला आधी मरणाचं कळलंच नाही. आई हे कोणाबद्दल असं मानाने बोलते आहे, असंच वाटलं क्षणभर. सगळं आयुष्य एकवचनात वागवलेल्या माणसाला तिने तेवढ्या एका अक्षरात उभं राहून वाट दिली होती... आणि हे अक्षर लिहायला मिळावं म्हणूनच तर दोनशे दहा पानं लिहिली. तेच मी गाडलं. हरताळ फासला, अगदी खरोखरीचा.

‘मास्तर!’ गोवर्धन दारात होता. डोक्यापासून पायापर्यंत कापूस. ‘गाड्या निंगून राहिल्या. बस्ता बांधला का नाही?’

‘बांधतो.’

‘बांधा मंग. बैलाले पानी पाजून येतो मी, तवर करा. पुन्हा एक महिना काही जानं नाही होत, सांगून ठेवतो.’

तो गेला. सूर्यभानने बस्त्याचं फडकं पसरलं, पानं सारखी केली, वर ठेवली. गाठ मारायची तेवढी बाकी होती. छापू, म्हणतात ते. कीर्तन सांगणारी आई छापतील, आणि पुण्यामुंबईची सुज्ञ माणसं तिला बरं म्हणतील. आणि नाही पाठवलं तर तिला कोणी काहीच म्हणणार नाही, ती फडताळात वाळवीच्या तोंडी... दोन्ही खरं होतं. त्याने ते एक पान पुन्हा ओढून काढलं. अंगठ्याचं नख ‘गेला’च्या डोक्यावर टेकवलं आणि अलगद खरवडलं. डिंक सुकला होता, खपली निघाली. खाली मात्रा जशीच्या तशी होती. मग त्याने काडी शिंपलीत बुडवली, आपण उभा केलेला काना गाडला. ‘तुझे’चं ‘तुहे’ केलं. आणि बरोबर झालं की नाही हे पाहायला, डोळ्याने नव्हे, आईच्या तोंडून जसं ऐकलं होतं तसं पाहायला, तो मोठ्याने म्हणाला, ‘तुहे बाबा गेले.’

चुलीपाशी भांडं पडलं. ज्वारीच्या पिठाने भरलेले हात तसेच पुढे धरून पार्बती दारात आली. तिचा म्हातारा बाप चांदूर बाजार गावी होता, दिवाळीपासून खोकत होता.

‘कोनं सांगतलं?’ ती म्हणाली. ‘गोवर्धन आला होता, त्यानं सांगतलं? कवा गेले?’

‘नाही, नाही,’ सूर्यभान उठला, ‘तसं नाही काही –’

‘माहे बाबा?’

‘काही नाही झालं वो तुह्या बाबाले! पुस्तकातलं हाय हे, पुस्तकातलं. गोदेच्या बाबाचं.’

ती उंबऱ्यावर खाली बसली. ‘असं बोलतेत का?’ एवढंच म्हणाली, आणि पिठाच्या मनगटाने डोळे पुसू लागली. गालावर पांढरं लागलं. सूर्यभान तिच्यासमोर पान हातात घेऊन उभा होता. तिला पाणी द्यावं, जवळ बसावं, हे त्याला समजत होतं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ येत होता, आणि फडक्यातल्या पानांचं काय करायचं हे त्याला अजूनही ठाऊक नव्हतं. पण आपल्या वाक्याने एक माणूस घरातून धावत दारापर्यंत आलं, हे तो पाहत होता. बायको रडत असताना त्याला आनंद झाला होता. त्याची त्याला लाज वाटली, फार वाटली, आणि तरी तो काही कमी होईना.