गोकुळचा अंगठा

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं काढली त्याला जोतीरामनं घरी बोलवून जेवू घातलं असतं. सहा महिने म्हणजे काय चेष्टा आहे का? सहा महिन्यांत निकाल लागला असता तर त्यानं साऱ्या पणदरे गावात पेढे वाटले असते. इथं सात वर्षं झाली होती. इन्कम टॅक्सच्या अपिलाचं घोडं कुठं पेंड खातंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तरी कुणाला? आता म्हणे अपील ऐकणारा साहेब कुणाला दिसतच नाही, सगळं कॉम्प्युटरवर. बारामतीत सीएच्या ऑफिसात स्वरूपा नावाची पोरगी होती. जोतीराम महिन्याच्या महिन्याला तिच्यासमोर जाऊन बसायचा, ती पोर्टल उघडायची आणि म्हणायची, "आबा, प्रलंबित." पहिल्या खेपेला त्यानं त्या शब्दाचा अर्थ विचारला होता. पुढं पुढं तो ऑफिसच्या पायऱ्या चढतानाच तिचं तोंड बघून ओळखायचा.

भानगड तशी साधी होती. जोतीराम ऊसवाहतुकीचा ठेकेदार. कारखान्याशी करार एकाच्या नावानं करायचा आणि ट्रॅक्टर दोघातिघांचे लावायचे, ही सगळीकडचीच रीत. करार जोतीरामच्या नावावर, एक ट्रॅक्टर त्याचा आणि दोन इंदापूरकडच्या गोकुळचे. बिल यायचं ते कर कापून जोतीरामच्या खात्यात. हंगाम संपला की तो पैसे काढायचा, पिशवीत भरायचा आणि गोकुळच्या मळ्यात जायचा. मटणाचा बेत ठरलेला. जेवणं झाली की पिशवी गोकुळच्या हातात, गोकुळ ती न उघडताच बायकोकडं, बनाबाईकडं द्यायचा, आणि दोघं बाजेवर आडवे व्हायचे.

एकदा, एकदाच, कुणीतरी कान भरले म्हणून जोतीरामनं पैसे पोचल्याचा कागद सहीसाठी पुढं केला होता. गोकुळ भरल्या ताटावरून उठला.

"सही परक्याची घेत्यात, जोत्या. मी परका हाय का? व्हय म्हण, आत्ता करतो. पर पुन्हा ह्या मळ्यात पाऊल टाकू नगंस."

जोतीरामनं तिथल्या तिथं कागद चुलीत घातला. आता शहाणी माणसं म्हणतील, काय येडा माणूस! म्हणू देत. आपल्या माणसाकडनं पावती घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं मानणाऱ्यांचा हा मुलूख आहे. इथं सोयरीक सुद्धा शब्दावर जमते.

इन्कम टॅक्स खात्याला काय त्याचं! त्यांनी सांगितलं, बँकेत तुझ्या नावावर आलेला पैसा सगळा तुझाच, त्यावर कर भर. निम्म्याहून जास्त दुसऱ्याला दिला म्हणतोस तर पुरावा दाखव. मोठ्या सीएसाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं, की त्या गोकुळचा जबाब आणा, सही आणा, प्रकरण मिटेल. जोतीरामनं मान हलवली. "त्येवढं सोडून बोला." मग अपील सहीशिवायच दाखल झालं. सुनावणी लागल्यावर बघू, असं ठरलं.

सुनावणी लागेचना. बँकेनं थकबाकीदार म्हणून नव्या ट्रॅक्टरला कर्ज दिलं नाही, जुना भंगाराच्या भावानं गेला, ठेकेदारी बसली. हे सगळं माणूस सोसतो हो. पण जोतीरामच्या घशात एक वेगळंच हाडूक अडकलं होतं. गोकुळ समोर आला की त्याला वाटायचं, आता आपण बोललो तर सही मागितल्यासारखं होईल, आणि नाही बोललो तर चोरट्यासारखं वाटतंय. म्हणून तो गोकुळला टाळायला लागला. गोकुळचा फोन आला की "कामात हाय रं" म्हणायचा. कसलं काम न् कसलं काय, ओसरीवर बसून समोरची कोंबडी मोजत असायचा.

तिसऱ्या वर्षी बायको, कौसल्या, गेली. दहाव्याला गोकुळ आला, दिवसभर शेजारी बसून राहिला. निघताना त्यानं जोतीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जोत्या, काय आसंल तर सांग."

"काय न्हाय," जोतीराम म्हणाला.

झालं! ज्या घडीला बोलायचं ती घडी अशी वाया घालवली बाबानं. गोकुळनं थोडा वेळ वाट बघितली, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. पुढं फोन कमी झाले, मग बंद झाले. गोकुळला लकवा झाल्याचं बाजारात कळलं, तेव्हा जोतीरामनं धुतलेला शर्ट अंगात घातला आणि बटणं लावता लावता थांबला. आत्ता भेटायला गेलो आणि उद्या सुनावणीची नोटीस आली, म्हणजे? लोक म्हणतील, आजाऱ्याला बघायला नाही, सहीसाठी गेला होता. सुनावणी होऊ दे, मग मोकळ्या मनानं जाऊ. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला.

खोटं कशाला बोला, जोतीराम फार एकटा पडला होता. पोरगा राजवर्धन पुण्यात, रविवारी फोन करून "जेवला का?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागायचा. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून जोतीराम टीव्ही लावून भाकरी थापायचा. थापायला येत नव्हती ते सोडा. तव्यावर फाटलेली भाकरी बघून हसायला सुद्धा शेजारी कुणीतरी लागतं. एके काळी कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागायला दोन दोन दिवस जायचे. भरल्या ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यावर यायची, आणि तो न् गोकुळ ट्रॉलीच्या सावलीला बसून उसाची कांडी सोलत एकमेकांची टर उडवायचे. तेव्हा थांबायचा त्रास म्हणून कधी झाला नव्हता. वाट बघणं इतकं जड असतं, हे त्याला ह्या सात वर्षांत कळलं.

आणि एक दिवस स्वरूपाचाच फोन आला. "आबा, आली! सुनावणीची नोटीस आली!"

जोतीरामला क्षणभर देव भेटल्यासारखं झालं. मग तिनं पुढचं सांगितलं. उत्तर आणि पुरावे शुक्रवारपर्यंत पोर्टलवर चढवायचे. सात वर्षं घोरत पडलेलं खातं उठलं आणि म्हणालं, चला आटपा, गाडी सुटतीय! स्वरूपानं गोकुळच्या नावचा जबाब टाईप करून दिला. लकव्याचं कळल्यावर वर शाईचं पॅड दिलं. "सही जमत नसली तर अंगठा चालेल आबा. साक्षीदार म्हणून काकूंची सही घ्या. हे नसेल तर अपील गेलंच समजा."

तो शुक्रवारीच निघाला. त्या आधीचे दिवस त्यानं कसे घालवले ते विचारू नका. इंदापूरच्या एसटीत तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. आधी तब्येतीचं विचारायचं, मग जुनं काहीबाही, मग हळूच. दर वेळी त्या "हळूच"पाशी गाडी अडायची.

बनाबाई अंगणात पेरूची क्रेटं धूत होती. तिनं वर बघितलं, ओले हात तसेच लुगड्याला पुसले आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"भावजी! अवो, कवाधरनं वाट बघतोय आमी!"

गोकुळ आतल्या खोलीत खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. जोतीरामला बघून तो इतका हसला की लाळ गळाली. बनाबाईनं पदरानं पुसली.

"वळखलं का रं मला?"

"व्हय," गोकुळ म्हणाला.

"राग हाय का माझ्यावर?"

"व्हय."

"न्हाय ना?"

"व्हय."

"त्येवढा एकच शब्द ऱ्हायलाय," बनाबाई म्हणाली. "भूक लागली तरी व्हय, न्हाय लागली तरी व्हय. मी आपली तोंड बघून अंदाज बांधती."

जोतीराम खाटेवर टेकला आणि त्यानं गोकुळचा डावा हात हातात घेतला. त्या हातात अजून जोर होता. तो काट्यावरच्या गोष्टी सांगायला लागला, ट्रॉलीखाली झोपलेल्या गोकुळच्या मिशीला कुणी काकवी लावली होती आणि मुंग्यांनी कसा इंगा दाखवला होता ते. गोकुळ "व्हय व्हय" करत गदागदा हसत होता. बनाबाई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहून बघत राहिली.

"लई दिसांनी हसलं बघा," ती म्हणाली. "ह्ये पडल्यापास्नं लई जण येऊन गेलं, भावजी. पर येतंय त्ये कामानं. कुणाला ट्रॅक्टर इकत पायजे, कुणाला बाग खंडानं पायजे. बसत्यात, बिस्कीट पुडा ठेवत्यात, न् मग हळूच काढत्यात इषय. बिनकामाचं आलेलं तुमीच पयलं."

जोतीरामच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत कागद होता, पॅड होतं. त्यानं ती पिशवी हळूच पायानं खाटेखाली सरकवली. जाऊ दे अपील, त्यानं मनाशी म्हटलं. खरंच म्हटलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्याला छातीत मोकळं वाटलं, आणि त्यानं चहाचा मोठा घोट घेतला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जोतीरामला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा.

"आबा, झाला का अंगठा?" स्वरूपाचा आवाज खोलीभर झाला. "आज शेवटचा दिवस आहे, संध्याकाळपर्यंत चढवावं लागेल. फोटो काढून पाठवा लगेच. काकूंची सही विसरू नका!"

जोतीरामनं फोन बंद केला. बाहेर क्रेटांवरचं पाणी गळत होतं ते ऐकू येत होतं.

"वैनी, मी... न्हाय म्हंजे, आता काढणारच न्हवतो मी ते."

"कुठाय कागूद?" बनाबाईनं विचारलं.

"ऱ्हाऊ द्या."

"आणा की. आलाय तर घिऊन जावा."

तिनं वाकून खाटेखालची पिशवी ओढली. कागद निघाला, मग पॅड निघालं. "पॅड बी आणलंय व्हय," ती म्हणाली. आवाज चढवला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर जोतीरामनं तिचे पाय धरले असते. तिनं नुसतं झाकण उघडून ते खाटेवर ठेवलं.

जोतीराम गोकुळकडं वळला. "गोकुळ, त्या पैशाचा कागूद हाय. तुझा वाटा तुला पोचला, येवढंच. तुला परका समजून न्हाय आणला रं. दिऊ का फाडून?"

"व्हय," गोकुळ म्हणाला.

"का देतोस अंगठा?"

"व्हय."

आणि त्यानं डावा हात पुढं केला. आता तो अंगठ्यासाठी केला होता, का कागद फाडायला, का मघासारखा जोतीरामनं तो हातात घ्यावा म्हणून, हे त्या बापड्यालाच ठाऊक. जोतीराम त्याच्या तोंडाकडं बघत राहिला आणि त्याला अंदाज बांधता येईना. बनाबाईनं वाट बघितली नाही. तिनं नवऱ्याचा अंगठा धरला, शाईत बुडवला, कागदावर दाबला आणि खाली आपली सही केली.

"घ्या," ती म्हणाली.

जोतीराम उठला. "येतो वैनी." आपल्याकडं ह्यावर "या" म्हणतात. दारावर आलेल्या वैऱ्याला सुद्धा म्हणतात. बनाबाई साबण लावून गोकुळचा अंगठा चोळत होती, आणि तिनं मान वर केली नाही.

कागद वेळेत पोर्टलवर चढला. स्वरूपानं फोनवर टाळ्या वाजवल्या. निकाल कधी, ह्यावर म्हणाली, ते आता सांगता येत नाही आबा, दोन महिने लागतील, दोन वर्षंही लागतील. जोतीरामला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो परत इंदापूरच्या एसटीत बसला. पिशवी घेतली नव्हती. फोन सुद्धा घरी ठेवला होता. ह्या खेपेला वाक्यं जुळवायची नव्हती.

बनाबाई दारातच भेटली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडं, मग शर्टाच्या खिशाकडं.

"झोपल्यात ते," ती म्हणाली. "आता कुठं ऱ्हायलाय अंगठा लावायचा?"

"कुठं न्हाय वैनी. असाच आलोय."

"येवढ्या लांबनं असंच कोन येतंय, भावजी," बनाबाई म्हणाली, आणि गोकुळला उठवायला आत गेली.