इंजिनातलं सोनं

लेकीच्या, वेदिकाच्या, कपाळावरच्या टिळ्यातला कण तिळाहून लहान होता. एक कड दुमडलेली, अंगावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा, आणि रंग सोन्याचा नव्हे, तांब्याचा. अल्पनाने तो लगेच ओळखला. पीथमपूरच्या एका प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं धातूच तपासत होती.

देवासच्या बायपासवरचा मंडप रविवारच्या गर्दीने फुलला होता. रिक्षावाले, सुपरवायझर, त्यांच्या बायका, सगळे भगवंत महाराजांच्या परातीपुढे रांगेत उभे. परातीत इंजिनांतून काढलेलं काळं तेल, आणि तेलात चकाकणारे कण.

"भिया, मशीन में भी आत्मा होती है," महाराज समजावत होते. "पाप निकला, तो सोना निकला. डॉक्टर बदन का, मैं पिस्टन का."

पंधरवड्यापूर्वी भैयासाहेबांची, म्हणजे अल्पनाच्या थोरल्या दिरांची, जुनी विकत घेतलेली स्पोर्ट्स कार इथे टकटक करत आली होती. महाराजांनी तेल बदलून आपलं सिद्ध तेल भरलं आणि टकटक थांबली. "पंद्रह दिन गाड़ी को आराम," असंही बजावलं. मग परातीतल्या तेलाचे टिळे लावले. "लावून घे, अल्पना," भैयासाहेब म्हणाले, आणि अल्पनाने मान खाली घातली. कुणीतरी फोटो काढला. आता तो मंडपाच्या दारावर फलक होऊन लटकत होता: 'साइंस वाली मैडम ने भी माना'. रांग तेव्हापासूनच वाढली होती.

दोन काचेच्या नळ्या, इंजिनाच्या साध्या तेलाची बाटली आणि छर्रे पर्समध्ये घेऊन ती याआधी दोनदा इथे आली होती. दोन्ही वेळा पर्स न उघडताच परतली.

आज पंधरा दिवस संपले होते. पुतण्या अंकुर वेदिकाला घेऊन त्याच गाडीतून मांडूला निघाला होता.

"काकू, चलो ना, देर हो रही है. घाटात मजा येईल."

अल्पनाने सेवकाकडे सिद्ध तेल मागितलं. त्याने हसून बाटलीच दिली. मॅडम फलकावरच्या होत्या.

तिने एका नळीत इंजिनाचं साधं तेल ओतलं, दुसरीत सिद्ध तेल. "वेदिका, मोज."

साध्या तेलात छर्रा तळाला गेला तेव्हा वेदिका "दो" म्हणाली. सिद्ध तेलात तो पोचेपर्यंत तिचं "ग्यारह" झालं.

"बघा, केवढी शक्ती," भैयासाहेब लोकांना म्हणाले.

अल्पनाने ती नळी चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात धरली. थोड्या वेळाने दुसरा छर्रा टाकला.

"एक, दो, तीन. बस, गिर गया."

"शक्ती तापली की पळते," अल्पना म्हणाली. "हे नुसतं दाट तेल आहे. इंजिनात फिरत्या भागांमध्ये मऊ धातूचं पातळ बेअरिंग असतं. ते झिजलं की पोकळी पडते, दांडा आदळतो. थंड इंजिनात दाट तेल ती पोकळी भरून आवाज दाबतं. झीज थांबत नाही. परातीत सोनं नाही, त्या बेअरिंगची सालपटं आहेत. घाटात इंजिन तापेल, तेल पातळ होईल, आणि इंजिन जागीच जाम झालं तर चाकंही अडकतील."

"बेटी," महाराज गोड हसले, "उस दिन टीका तो लगवाया था?"

रांगेत हशा पिकला. अल्पनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"घरची गोष्ट घरी बोलावी," भैयासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "चारचौघांत माझी शोभा करू नकोस."

तिने भैयासाहेबांकडे पाहिलं, मग रांगेकडे. कितीजणांच्या हातात ती बाटली होती.

"टिळा लावून घेतला. तो कण काय आहे, हे तेव्हाही मला माहीत होतं. दिरांचा मान राखला आणि तुम्हाला फसू दिलं. त्याची मला लाज वाटते. माझ्या शिक्षणावर जाऊ नका, फोटोवर तर नाहीच. गाडी वीस मिनिटं चालवून तापवा आणि आपल्या कानांनी ऐका."

तिने वेदिकाचा हात धरला.

"भाऊजी, ही गाडी मांडूला जाणार नाही."