खुणेचं मशीन

ज्ञानेश्वर मेस्त्रींनी गोधडीची गाठ सोडली आणि आतलं काळं मशीन दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. उचलताना ते कण्हले नाहीत. साठी उलटली तरी गिऱ्हाइकासमोर कण्हायचं नाही, एवढी ऐट त्यांनी जपली होती. मुरबाडच्या एसटी स्टँडमागे त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं त्याच ऐटीत चाललं होतं.

टेबलापलीकडच्या स्टुलावर नम्रता बसली होती. सकाळी आटगावहून निघून, शहापूरला गाडी बदलून, किन्हवलीमार्गे ती मशीन मांडीवर घेऊन आली होती. मांडीला रग लागली होती, पण गाठ सुटेपर्यंत तिने गोधडीवरचा हात काढला नव्हता.

"शिंगर हाय," ती म्हणाली. "आमच्या सासूबाईंचं. दिवाळीत वारल्या त्या. जाताना म्हणाल्या, मशीन नम्रताला द्या. आता इकायचं हाय. किती येतील ते बगून सांगा, काका."

शिंगर म्हणजे सिंगर कंपनीचं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत काळ्या रंगाचं कुठलंही जुनं मशीन शिंगरच असतं. त्यावरून वाद घालणं मेस्त्रींनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"इकायचं का?"

"तानसाच्या वाटेवर एक रिसॉर्ट झालाय. काउंटरवर शोभेला ठेवणार म्हणतात. स्टँडसकट सात हजार देतायत. भाचा म्हणतो, शिंगर असंल तर वीसच्या खाली उतरू नको." ती थांबली. "मला शाळेचे साठ गणवेश मिळालेत. पंधरा जूनच्या आत द्यायचेत. हे मशीन जाड कापडावर टाके सोडतं. मोटारीचं नवं घेतलं तरच जमंल, नायतर ते काम कल्याणच्या रेडिमेडवाल्याकडं जाईल."

मेस्त्रींनी कॅलेंडरकडे पाहिलं. मे महिन्याची वीस तारीख होती.

मशीनच्या अंगावरचं नाव पुसलं गेलं होतं. सोनेरी वेलबुट्टीची दोन पानं तेवढी टिकून होती. नंबराच्या पट्टीवर हळदकुंकवाचा जाड थर बसला होता. दर खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, बोट तिथेच टेकायचं, आणि वर तेलाचा हात फिरायचा. मेस्त्रींनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि नम्रताकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग त्यांनी तो थर हलक्या हाताने, उगाच घाई न करता पुसून काढला. थर निघाला, पट्टीवरचा नंबर दिसला.

"शिंगर नाय, ताई," ते म्हणाले. "लुधियानाच्या सुट्या भागांचं जोडकाम हाय. तेवा असली लई यायची."

नम्रताचा चेहरा उतरला. वीस हजार तिने मनात खर्चूनही टाकले होते.

"मंग सात?"

"शोभेला सात म्हंजे चांगलेच हायत. थांबा, पोटात बगू द्या."

त्यांनी गोणपाटाची घडी अंथरली आणि मशीन तिच्यावर पालथं घातलं. पोट वर आलं. मेस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ ते नुसते बघत राहिले. इतकं स्वच्छ पोट त्यांनी कंपनीतून आलेल्या नव्या मशीनचंसुद्धा पाहिलं नव्हतं. कुठे धाग्याचा गुंता नाही की जळकं तेल नाही. एक स्प्रिंग तुटली होती, तिच्या जागी छत्रीची काडी तापवून, वाकवून इतकी नेटकी बसवली होती की त्यांनी ती नखाने वाजवून पाहिली.

"कोण करायचं हे?"

"सासूबाईच. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाय."

मेस्त्री आणखी वाकले. तेल धरून ठेवायला जिथे नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा असतो, तिथे काळ्या घोंगडीचा तुकडा होता. त्यांचा हात थबकला. घोंगडी वापरायची ही युक्ती त्यांची स्वतःची होती. कल्याणच्या मेस्त्र्यांनासुद्धा ती त्यांनी कधी सांगितली नव्हती.

"हे मशीन इथं येऊन गेलंय," ते म्हणाले.

"नाय काका. घराबायेर आज पयल्यांदा निघालं."

मेस्त्रींना ते पटलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मशीनच्या पोटावर त्यांची खूण असायचीच. काम झालं की टोच्याने ते एक बारीकसा ज्ञ कोरायचे. बाजारात जुनं मशीन घेणारे आधी ते पालथं घालून ज्ञ शोधायचे, आणि खुणेच्या मशीनला दोन पैसे जास्त मोजायचे. त्यांनी चिंधीने कडेची पट्टी पुसली.

ज्ञ होता. एक नाही, सतरा होते, एका ओळीत. पहिले दोनतीन म्हणजे नुसत्या एकमेकींत अडकलेल्या रेघा होत्या. पुढे अक्षर हळूहळू सुधारत गेलं होतं, आणि शेवटचा ज्ञ तर मेस्त्रींच्या स्वतःच्या ज्ञपेक्षा सुबक होता. फक्त सगळेच्या सगळे उलटे होते, डोकं खाली, पाय वर.

"सासूबाईंना लिवता येत होतं?"

"कुठलं हो. ब्यांकेत अंगठा लावायच्या." नम्रता पुढे वाकली. "हे व्हय? दर खंडेनवमीला मशीन असंच पालथं घालायच्या. सगळं साफ करायच्या, तेल सोडायच्या, आन् शेवटी टोच्यानं हे खरवडायच्या. मी एकदा इचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, ह्ये केल्याबिगर मशीन चालत नाय."

मेस्त्रींनी चिंधी खाली ठेवली.

"हनुवटीवर तीन टिपके गोंदलेले होते त्यांच्या?"

"व्हय. तुमी वळखता?"

ते उठले आणि टेबलाला वळसा घालून नम्रताजवळ आले. ती संकोचून स्टुलावरून उठली. मेस्त्री त्या स्टुलावर बसले. चाळीस वर्षांत स्वतःच्या दुकानात ते कधी या बाजूला बसले नव्हते. इथून सतराही ज्ञ सुलटे, वाचता येतील असे दिसत होते. आणि त्यांच्यापलीकडे त्यांची स्वतःची रिकामी गादी दिसत होती.

"सकुबाई," ते म्हणाले.

सकुबाई वर्षातून दोनदा यायच्या. दर खेपेला कुणातरी शेजारणीचं बिघडलेलं मशीन आणायच्या, गाडीभाडं पदरचं घालून. याच स्टुलावर बसायच्या. चहा घ्यायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, मेस्त्रींच्या हातावरची नजर काढायच्या नाहीत. मेस्त्री चांगले सुटे भाग काढून घेतात आणि हलके घालतात, असा तेव्हा बाजारात बोभाटा होता. ही बाई पहाऱ्यालाच बसते, असं त्यांनी धरलं होतं आणि त्याचा त्यांना मनस्वी राग यायचा. एकदा ते फटकन बोललेही होते, मावशी, चोरत नाय मी काय. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, नाय रे बाबा, तू कर. आणि तुमचं स्वतःचं मशीन कधी आणणार, असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर असायचं: माझं बरं हाय.

हे सगळं त्यांनी नम्रताला सांगितलं. सांगता सांगता त्यांना हसू आलं.

"मी म्हणायचो चोरत नाय. चोरत तीच होती गो. माझ्या डोळ्यांदेखत सगळा धंदा उचलून नेला बाईनं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आन् मी तिला साधं इचारलं नाय, शिकायचंय का म्हणून."

नम्रता छत्रीच्या काडीकडे पाहत होती. घरात तिने ती कितीदा पाहिली असेल, पण आज पहिल्यांदाच तिला तिचं अप्रूप वाटलं. सासूबाई नुसत्या हट्टी आहेत, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

मेस्त्री गादीवर परतले. मशीन सरळ करून त्यांनी सुईखालचा एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला. खाकी कापडाची चौपदरी घडी सुईखाली सरकवली आणि चाक हाताने फिरवलं. टाके एकामागून एक बिनचूक पडत गेले.

"कुणीतरी हा स्क्रू आवळला होता."

"मीच," नम्रता म्हणाली. "मला शिवता येतं, काका. आतलं कायबी कळत नाय. पुन्यांदा बिघडलं तर गणवेश सोडून कितीदा यायचं इकडं? त्यापरास इकलेलं बरं. तुमच्या खुणेचं हाय म्हणून सांगितलं तर किती देतील?"

"माझ्या खुणेचं असतं तर मी दहा सांगितलं असतं." मेस्त्रींनी मशीन पुन्हा गोणपाटावर पालथं घातलं. "पन ही खूण माझी नाय."

"मंग त्या रिसॉर्टवाल्याला काय सांगू?"

मेस्त्रींनी नुकताच जुळवलेला स्क्रू पुन्हा सैल केला, चांगला दोन फेरे. छत्रीची काडी जागची काढून चिंधीवर ठेवली, घोंगडीचा तुकडाही काढला. मग हात लांबवून पलीकडचं स्टूल उचललं आणि आपल्या गादीला लागून ठेवलं.

"ते मागनं बगू," स्क्रूड्रायव्हरची मूठ तिच्याकडे करत ते म्हणाले. "आधी इकडं येऊन बसा. समोरनं उलटं दिसतं."