पांढरट, पिवळट

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दोघी जावा मोत्यांच्या माळा करायच्या. मोती गोड्या पाण्यातले, स्वस्तातले. अगदी गोल असे त्यात औषधाला सापडायचे. बाकीचे तांदळासारखे लांबट, बटणासारखे चपटे, काहींना तर पोट सुटलेलं. थोरली निवडायची, धाकटी ओवायची. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून ही वाटणी चालू होती आणि ती कोणी केली हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

थोरलीचं म्हणणं असं, की मोती कधी एकटा बघू नये. एकटा असला की प्रत्येक जण पांढराच असतो. पांढऱ्या फडक्यावर, खिडकीच्या उजेडात दुसऱ्याच्या शेजारी बसवला की त्याचं पितळ उघडं पडतं. एक गुलाबीकडे झुकतो, एक सायीसारखा, एक जांभळट. मग त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. खड्डा लागला तर तो मागे मानेकडे ओवायचा, केसांखाली झाकून जातो. खडूसारखा मठ्ठ दिसला तर बाद. भोकाच्या कडेला रंग दाटलेला दिसला तर तो रंगवलेला. अंगावर वळ्या असतील तर मात्र चालतो.

"वळी म्हणजे दोष नव्हे," थोरली म्हणायची. "स्वभाव आहे तो."

एकदा एका गायनवर्गाच्या बाईंनी आपल्या गटातल्या सगळ्या बायकांसाठी एकसारख्या पांढऱ्या माळा करून घेतल्या. कार्यक्रम झाला आणि बाई माळांची पिशवी घेऊन जिना चढून आल्या.

"माळा सुरेख आहेत," बाई म्हणाल्या. "पण आम्ही ओळीत उभ्या राहिलो की समोरून दात दिसतात."

"गाताना दिसायचेच," थोरली म्हणाली.

"बायकांचे नव्हे हो. माळांचे. एक पांढरी, एक पिवळी, परत पांढरी. आमचे हे पहिल्या रांगेत बसले होते. म्हणाले, कुणीतरी आ करून आपल्याकडे बघतंय असं वाटत होतं."

थोरलीने माळा फडक्यावर पसरल्या, खाली वाकून पाहिल्या. "तुमच्या तिथले दिवे वाईट आहेत," ती म्हणाली.

धाकटीनेही पाहिल्या. दिव्यांचा काही दोष नव्हता.

त्या दिवसापासून दुपारी थोरलीचा डोळा लागला की धाकटी तिचे ढीग पुन्हा निवडू लागली. पांढऱ्यातले पिवळट बाजूला, पिवळट ढिगातले पांढरे बाजूला. चहाच्या वेळी थोरली उठायची, ढिगांकडे बघायची आणि न बोलता सगळं होतं तसं करून ठेवायची. असे बरेच दिवस गेले. खोलीत दोन माणसं दिवसभर राबत होती आणि काम जिथल्या तिथे होतं. त्यातल्या त्यात बाईंच्या माळा तेवढ्या धाकटीने गुपचूप उसवून नव्याने ओवल्या आणि पोचत्या केल्या. बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच होती.

शेवटी थोरलीच म्हणाली, "माझ्या ढिगांना कुणीतरी हात लावतंय. उंदीर म्हणावं, तर त्याला रंग कळतात."

"मीच ती," धाकटी म्हणाली.

"म्हणजे मला कळत नाहीत?"

धाकटीने सुईत दोरा ओवला. तो आधीच ओवलेला होता. "नाही कळत, ताई."

मग अबोला सुरू झाला. निरोप थोरल्या दिरांमार्फत जाऊ लागले. ते दाराजवळ पेपर वाचत बसायचे आणि निरोप गाळून द्यायचे. "हिला म्हणावं, ज्यांनी शिकवलं त्यांनाच शिकवायला निघालीस, कात्री दे इकडे," असं थोरली म्हणाली, की ते पेपरातून म्हणायचे, "कात्री."

एका सकाळी थोरलीने दोन मुठी मोती घेतले आणि खाली शिंप्याकडे गेली. त्याने कापडाच्या तुकड्यावर मोती लावले आणि म्हणाला, "हे पांढरे, हे पिवळट." माप द्यायला आलेल्या एका बाईला विचारलं, तिनेही तसंच लावलं. धाकटीनेही तसेच लावले असते.

थोरली वर आली. "शिंप्याचेही डोळे गेलेत," तिने जाहीर केलं. मग खिडकीशी बसून राहिली. मोत्यांना हात लावला नाही. जेवण झाल्यावर, भिंतीकडे बघत म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर."

डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे."

"कुठल्या रंगाचा?" थोरलीने विचारलं.

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पाहिलं. "पिवळट. थोडा तपकिरीकडे."

"डाग?"

"मध्यभागी आहे जरा."

"मग बादच," थोरली म्हणाली. "काढून टाका."

जिना उतरताना तिने धाकटीचा हात घट्ट धरला. पायऱ्या फार उंच बांधल्यात, असं ती म्हणाली. पायऱ्या संपल्या तरी हात तसाच होता.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं.

"हा निळा सदरा कधी घेतलात?"

"तूच आणलास."

"मी हिरवा आणला होता."

यावर त्यांनी पेपर वर केला.

मग ती टेबलाशी गेली. एक डोळा झाकून ढीग पाहिले, मग दुसरा झाकून पाहिले. पुन्हा पहिला. धाकटीने सुई खाली ठेवली.

"किती दिवस असं चाललं होतं?"

"झाले थोडे."

"खोटं बोलू नकोस. ओवणाऱ्याला सगळं कळतं."

"दोन-तीन वर्षं, ताई."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्ही निवडत होता ना," धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळ्याला पदर लावला. औषध झोंबतं, म्हणाली. औषधाची वेळ अजून व्हायची होती.

डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली तशी ती मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली. गेली काही वर्षं ती त्याचा माल पिवळा म्हणून परत पाठवत होती आणि वर चार शब्दही ऐकवत होती. तिने त्याच्यासमोर हात जोडले. "माझं चुकलं. तुमचा माल चोख होता."

व्यापारी खुर्चीत जरा चुळबुळला. "आधी होता," तो म्हणाला. "पण पांढरं पाठवलं तरी तुम्ही पिवळंच म्हणायचात. मग मी पिवळंच पाठवायला लागलो. शिव्या तेवढ्याच पडायच्या."

"बरोबर आहे," थोरली म्हणाली. "आता पांढरे पाठवा."

नवा माल आला तेव्हा खिडकीतून चांगला उजेड येत होता. थोरलीने फडकं झटकून पसरलं, सर सोडले, मोती ओतले आणि स्वतः ओवणाऱ्याच्या स्टुलावर जाऊन बसली.

"रंग तू बघ," ती म्हणाली. "खड्डे मी बघते. माझ्या नखाला काही झालेलं नाही."

धाकटी निवडायच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला जरा उंच होत होती. तिने मोती एकमेकांशेजारी लावायला सुरुवात केली. एका जरा गुलाबीशा मोत्यापाशी ती अडखळली, उलटसुलट करून पाहिला आणि पांढऱ्यांत टाकला.

थोरलीने तो पाहिला. मग ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.