आतल्या अंगाच्या रेघा

मी एक दरवाजा. बोलायची सवय नाही मला, करकरायची आहे.

निराधार मुलांच्या वसतिगृहात जिन्याखालच्या कोठीला मला बसवलं, ते आत धान्य ठेवायचं म्हणून. ठेवली मुलं. कुणी अंथरूण ओलं केलं, कुणी आईच्या आठवणीनं रडलं, की गृहप्रमुख त्याला आत ढकलून बाहेरून कडी घालायचे. बाहेरच्या अंगाला मला वरचेवर नवा रंग मिळाला. आतल्या अंगाला मिळाल्या नखांच्या रेघा. माणसं दरवाजा बाहेरूनच पाहतात, ही त्यांची जुनी खोड.

पुढे वसतिगृह पाडलं. तेव्हाच्या मुलांचे केस आता पिकलेत. त्यांनी हट्ट धरला, चौकात स्मारक हवं आणि त्यात हाच दरवाजा हवा. चौकाचं काम पाहणारी समिती म्हणाली, गृहप्रमुख केव्हाच वारले, जुनी मढी कशाला उकरायची, त्यापेक्षा कारंजं करू. फार आढेवेढे घेऊन शेवटी कबूल झाली आणि मला सुताराकडे धाडलं, छान तासून पॉलिश करायला. स्मारक म्हणजे गुळगुळीत हवंच ना!

आज त्या मुलांतला एक जण मला पाहायला आला. सोबत नवी सून. सुतारानं धंद्याची गोष्ट म्हणून तिला विचारलं, घरी कड्या-कोयंडे हवेत का? तिनं हसत सांगितलं, आमच्या घरात एकाही दाराला कडी नाही. न्हाणीघरात शिरलं की मोठ्यानं गायचं, तीच कडी. नवी नवरी भलतीच गाते म्हणून शेजारी हसतात. घरात कड्या का नाहीत, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सुतारानं रंधा उचलला. सासरे वाकले आणि माझ्या आतल्या अंगावर, खाली, एका रेघेवर बोट ठेवून तसेच राहिले.

सुनेनं ते बोट पाहिलं. हसू मावळलं. तिनं रंध्याच्या वाटेत तळहात पसरला.

"दादा, एवढं राहू द्या."

"ताई, समितीनं सांगितलंय. खडबडीत राहिलं तर लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. हे तासलंत, तर नुसतं लाकूड उरेल."

सासरे म्हणाले, "पोरी, तू आपली कडी बसवून घे. मला चालेल."

"राहू द्या, बाबा. गळा सुधारतोय माझा."

सुतार समितीला विचारायला गेलाय. रंधा माझ्या पोटावरच ठेवलाय. दोघं बाकावर बसून रस्त्याकडे बघताहेत, आणि मला आडव्या जागी चैन नाही.

चौकात मला उभं कराल, तर आतलं अंग रस्त्याकडे करा. आणि एवढं ऐका, कडी तेवढी बसवू नका.